सूतभर प्लास्टर

१२ जानेवारी

वहिनी,

पोचलो. खोली मिळाली. काम मिळालं. तीन वाक्यांत सगळं संपलं, पण तू म्हणशील एवढ्यासाठी कागद कशाला वाया घालवला, म्हणून पुढं लिहितो.

फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की दादा फोन ठेवतो. तू उचललास तरी मागून त्याचं खाकरणं ऐकू येतं. शिवाय फोनवर माझ्या तोंडून थाप आधी निघते आणि खरं मागाहून येतं. कागदावर जरा दम धरता येतो. अक्षर लागलं नाही तर पिल्लूकडून वाचून घे, तिसरीतली पोरगी सातवी पास काकाचं अक्षर लावेल. दादाला मुद्दाम वाचून दाखवू नकोस. शेजारी बसला असेल तर मात्र उठवू नकोस.

काम कसलं, तर पाय बनवायचं. हसू नकोस. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबट शेड आहे, तिथं गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसांना नवे पाय मिळतात. आधी उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. वाळल्या की टोपीसारख्या काढून घेतात. त्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचा पाय, पांढराफेक, टेबलावर उभा. मग मास्तर म्हणून एक म्हातारे आहेत, ते तो पाय कानशीनं घडवतात. त्याच्यावर गरम प्लास्टिक ओढलं की वाटी तयार. तिला सॉकेट म्हणतात. खाली नकली पाऊल जोडायचं, वाटीत पाय घालायचा आणि चालायचं.

यात मी कुठं आलो? मास्तरांनी घडवलेल्या पायाला पॉलिश पेपर मारायचा, नंबर टाकायचा, आणि प्लास्टिक ओढून झालं की आतलं प्लास्टर हातोड्यानं फोडून फेकून द्यायचं. झालं. कागदावर माझं नाव ‘मदतनीस’. वहिनी, ज्यानं एकट्यानं तुमच्या खोलीतल्या कपाटाची दारं कोरली, तो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या कामाला पेपर घासतोय. तिथं सुतारकामात दादानं माझी किंमत केली नाही म्हणून निघालो, आणि इथं तर किंमत करायला कुणी मान वर करूनही बघत नाही.

दोन तासांत दिवसाचं काम उरकतो आणि स्टुलावर पाय टाकून बसतो. शेड चालवणाऱ्या मॅडमच्या काचेच्या केबिनसमोर, मुद्दाम. बघू देत.

पिल्लूला पापा.


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं. दादा बरा आहे एवढं कळलं, बाकी त्याच्याविषयी तूही काही लिहिलं नाहीस आणि मीही विचारत नाही.

इथं आता सगळे मला ओळखतात. फोडलेल्या प्लास्टरच्या तुकड्यातून परवा एक घोड्याचं डोकं कोरलं, अर्ध्या तासात, जेवणाच्या सुट्टीत. पायाचे पट्टे शिवणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांच्या मशीनवर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “घोडा झाला छान. आता झाडूपण मार, खाली लीद पडलीय बघ केवढी.”

सगळी शेड हसली. मी झाडू मारला नाही. मी सुतार आहे, झाडूवाला नाही.

मास्तरांनी मात्र घोडा हातात घेतला. बराच वेळ फिरवून बघितला. “कान जिवंत आहेत,” म्हणाले. मला वाटलं, चला, एकाला तरी डोळे आहेत. मग म्हणाले, “घोडा सोपा असतो रे. त्याला चालायचं नसतं.”

म्हातारा माणूस. चाळीस वर्षं पाय घासून घासून त्यांची बोटं खडूसारखी झालीत. ते घडवतात ते पाय मजबूत असतील, पण दिसायला ओबडधोबड. मधेच कुठं खड्डा, मधेच कुठं टेंगूळ. आणि त्यांचा एक नियम आहे: निळ्या पेन्सिलीनं गोल काढला असेल तर त्याच्या आत पेपर लावायचा नाही. का, ते सांगत नाहीत. आपण विचारलं तर सांगतीलही, पण विचारलं की आपण शिकाऊ ठरलो. डिप्लोमावाली पोरं विचारतात. त्यांचं ठीक आहे, त्यांना हातात साधी पटाशी धरता येत नाही.

मागच्या आठवड्यात एका बस कंडक्टर बाईंचा पाय आला. बाई मोठी मजेशीर. कुबड्या घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ओरडतात, “पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा नाही!” दीड वर्ष घरी आहेत, आणि पायाशिवाय ड्युटी मिळत नाही. त्यांच्यासाठी म्हणून मी जरा जास्त हात फिरवला. असा गुळगुळीत केला की मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. “फिनिशिंग कोणाचं?” मी उठलोसुद्धा नाही. नुसता हात वर केला.

दादा शेजारी असेल तर ही ओळ जरा मोठ्यानं वाच.


९ एप्रिल

वहिनी,

आनंदाची बातमी. मला घडवणीवर घेतलं. म्हणजे आता कानस माझ्या हातात. मदतनीस हा शब्द खोडून तिथं ‘कारागीर’ लिहिलंय, मॅडमच्या सहीसकट. तीन महिन्यांत! मावशी म्हणाल्या, “आता तरी स्टुलावरचे पाय खाली घे.”

मास्तरांनी काम कमी केलंय, म्हणून जागा झाली. वय झालं. त्या कंडक्टर बाईंच्या बाबतीत जरा गडबड झाली, तेव्हापासून. झालं असं की सॉकेट बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली जिथं हाडाचा गोळा असतो, तिथं दाबत होतं. बाईंनी आठ दिवस दात खाऊन घातलं, कारण त्यांची ड्युटी सुरू झाली होती आणि त्यांना परत घरी बसायचं नव्हतं. नवव्या दिवशी बसमध्येच पडल्या. जखम आतपर्यंत गेली होती. ती भरेस्तोवर पाय घालायचा नाही, दोन-तीन महिने. त्यांना आता डेपोत बसून तिकिटांचे गठ्ठे बांधायचं काम दिलंय.

मॅडमनी सगळ्यांना उभं केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते टेंगूळ कशासाठी असतं. हाडावर दाब येऊ नये म्हणून तिथं प्लास्टर वर चढवायचं, सूतभर. मग प्लास्टिक तेवढं बाहेर फुगतं आणि हाडाला जागा मिळते. म्हणजे पांढऱ्या पायावरचं टेंगूळ म्हणजे सॉकेटमधली पोकळी. सोपं आहे, पण आधी कुणी सांगायला नको?

मास्तर म्हणाले, “मी चढवतोच तिथं. नेहमी चढवतो.” स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, “त्या दिवशी राहिलं असेल.” बघायला पांढरा पाय तर शिल्लक नव्हता. तो फोडून झालेला.

त्या पायावर निळी खूण नव्हती. मी स्वतः बघितलंय. म्हणजे त्यांच्याकडूनच राहिलं असणार.

पिल्लूसाठी घोडा पाठवतोय, कापसात गुंडाळून.


२ मे

वहिनी,

चार ओळींचं पत्र लिहिलंस, त्यातल्या तीन पिल्लूच्या दातावर. आणि चौथी: ‘मास्तरांनी तिथं काही केलंच नव्हतं, तर तिथं खूण आहे की नाही हे तू बघायला कशाला गेलास?’

तू वकील का झाली नाहीस?

मी रोज शंभर गोष्टी बघतो. नजर जाते माणसाची. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या कामावरून इतक्या लांबून माझी उलटतपासणी घ्यायची काही गरज नाही. हा प्रश्न तुझा नाही, हे मला कळतं. हा त्याचा आहे. त्याला सांग, विचारायचं असेल तर स्वतःच्या हातानं लिही.

काम चांगलं चाललंय. फक्त मास्तर त्रास देतात. त्रास म्हणजे, एक पाय घडवला की तो उचलून माझ्याकडे आणतात. “बघ रे जरा. तुझी नजर चांगली आहे. इथं चढवलंय ना मी? हात लावून बघ.” मी म्हणतो, चढवलंय मास्तर, दिसतंय की. ते जातात. पाच मिनिटांनी पुन्हा तोच पाय घेऊन येतात. “नीट बघितलंस ना?”

मी सांगतो, नीट बघितलं.

जेवायला मन होत नाही. उन्हाळा फार आहे.


१८ मे

वहिनी,

खूण होती.

टेंगूळ होतं आणि त्याच्याभोवती निळा गोल होता, ओल्या प्लास्टरमध्ये जरा पसरलेला. मी बघितला. एवढा सुरेख चाललेला पाय आणि मधेच ते ओंगळ, मला बघवेना. म्हटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला आणि चूक झाकायला वर गोल काढून ठेवला. दाखवू यांना काम कशाला म्हणतात. पॉलिश पेपरनं ते जाईना, म्हणून मास्तर हात धुवायला गेले तेव्हा त्यांचीच कानस उचलली आणि तीन हात मारले. मग वरून पेपर. निळा रंग पाण्यानं धुऊन टाकला. सूतभर प्लास्टर, वहिनी, चिमटीत मावेल एवढं. मॅडम ज्या फिनिशिंगला बघून बाहेर आल्या, ते हे.

आणि नंतर तो पाय हातोड्यानं फोडला तोही मीच. ते तर माझं कामच होतं.

मॅडमनी सगळ्यांना उभं केलं, तेव्हा मी मास्तरांपासून हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर घरी पाठवलं असतं. पण मी विचार केला, आत्ताच तर कुठं लोकांना कळायला लागलंय मी कोण आहे. आता पेपर घासणारा पोरगा साधा गोलसुद्धा पाळत नाही असं व्हायला नको. मग वाटलं, मास्तरांना काय, चाळीस वर्षांचं नाव आहे, एका चुकीनं काय बिघडतंय.

मास्तर गेले. वारले नाहीत, काम सोडून गेले. शुक्रवारी मॅडमना कागद लिहून दिला की कंडक्टर बाईंच्या सॉकेटमधली चूक माझी, माझ्या हाताचा आता भरवसा नाही, आणखी कुणाला इजा व्हायच्या आत मी थांबतो. कुणी मागितला नव्हता तो कागद. मॅडम नको म्हणत होत्या. जाताना त्यांची कानस माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तुझ्यासारखा हात माझ्यानंतर इथं आहे, म्हणून जाववतं.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “तब्येतीला जपा मास्तर.”

हे त्याला वाचून दाखव. तो खाकरला तरी थांबू नकोस.


३० जून

दादा,

मोठ्या भावाला पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, मी त्या दिवशी गेलो नसेन. तुला नुसती हाक मारायलाही सहा महिने लागले, म्हणून समजून घे.

वहिनीनं लिहिलं की तू पत्र ऐकलंस, उठून बाहेर गेलास आणि परत येऊन एवढंच म्हणालास, “त्याला सांग, ज्याचं आहे त्याला जाऊन सांग.” मी गेलो. काय झालं ते तुलाच सांगतो, कारण पुढचं काम तुझ्याशिवाय होणार नाही.

आधी मॅडमकडे गेलो. उभं राहूनच सांगितलं, गोल, कानस, पाण्यानं पुसलेला रंग, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं, ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे असं बघायला लागल्या जसं काही मी त्यांना फूल दिलंय. म्हणाल्या, “मास्तरांनी स्वतः लिहून दिलंय. ते गेल्याचं तुला वाईट वाटतंय, मला कळतं. त्यांच्यावरचा डाग तू स्वतःवर घ्यायला निघालास, हे फार थोडे जण करतील. पण खोट्यानं कुणाचं भलं होत नाही. जा, काम कर.”

मी म्हटलं, मॅडम, खरंच मी केलंय.

“पुरावा?”

पुरावा मी फोडला ना, दादा.

मावशींना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. “खरं सांगतोयस, की हे पण करून दाखवतोयस?” म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. सहा महिने मी त्या शेडमध्ये जे काही केलं ते कुणीतरी बघावं म्हणूनच केलं. आता त्यांनी हेही त्यातच धरलं तर त्यांचं काय चुकलं?

मग रविवारी मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला. काकूंनी दार उघडलं. मास्तर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर उपडे ठेवून. मला बघून तोंडभर हसले. काकूंना म्हणाले, “हाच तो, ज्याच्या घोड्याचे कान मी सांगत होतो.” काकू चहा टाकायला आत गेल्या तर मागून म्हणाले, “दाराला कडी लावली का मी? बघतेस का जरा?” कडी लागलेली होती. दार त्यांनी बंद केलंच नव्हतं, काकूंनी केलं होतं. काकूंनी तरी येऊन बघितलं आणि “लावलीत” म्हणाल्या. त्यांना सवय झालेली दिसली. चहाचा कप त्यांनी मास्तरांच्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला, आणि तो मास्तरांनी दोन्ही हातांनी उचलला. हात थरथरत नव्हते, दादा. मी नीट बघितलं. हाताला काहीच झालेलं नाही. फक्त त्यांचा त्याच्यावर विश्वास राहिलेला नाही.

मी सांगितलं. खाली बघून, एका दमात. म्हटलं, तुम्ही चढवलं होतं, मास्तर. गोल पण होता. मी काढलं.

त्यांनी कप स्टुलावर ठेवला. मग कामातलं विचारावं तसं विचारलं, “किती काढलंस?”

“सूतभर.”

“कशानं?”

“तुमच्या कानशीनं. तुम्ही हात धुवायला गेला होतात.”

एका क्षणासाठी त्यांची मान ताठ झाली. मला वाटलं आता उठतील, आता मारतील, आणि दादा, मला इतकं बरं वाटलं! पण ते परत मागं टेकले. हसले. माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

“मॅडम सांगत होत्या, तू असं काहीतरी बोलत येशील म्हणून. पोरा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुझ्या हाताचं माणूस खुणेच्या आत कधी जायचं नाही. तुझं फिनिशिंग मी बघितलंय.”

मी शपथ घेतली. काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “रोज सकाळी उठून हात उजेडात धरून बघत बसतात. आता यांना काही सांगितलं तरी वाटतं लोक कीव करतायत.” मग मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आलास ते बरं केलंस. पण पुन्हा तो विषय काढू नकोस. तू गेलास की ते रडतील.”

मी जिना उतरलो. पायरीवर बसून राहिलो. ज्या कौतुकासाठी मी हे सगळं केलं, ते आता मला दोन्ही हातांनी देतायत आणि परत घेत नाहीत.

कंडक्टर बाईंची जखम भरली. त्यांचा नवा पाय मी घडवला, हाडावर सूतभर चढवून, तीनदा मोजून. त्या पंधरवड्यापासून ड्युटीवर आहेत. बसमधून मला बघून ओरडल्या, “अरे ए, तुझा हात चांगला रे बाबा!” म्हणजे त्यांचं तरी मिटलं म्हणायचं. मास्तरांचं मिटलं नाही.

आता तुझं काम. ओळखलं असशील.

या जगात मी कसा आहे ते फक्त तुला माहीत आहे. बाकी सगळ्यांना मी फार चांगला मुलगा वाटतो. वहिनीला मी सांगितलंय की तू माझी किंमत केली नाहीस म्हणून मी घर सोडलं. खरं काय ते तुला ठाऊक आहे. गावातल्या दवाखान्याचं दार आपण बसवलं, तेव्हा त्याला तू खालून फट ठेवली होतीस, ओलीत लाकूड फुगेल म्हणून. मला ती बघवली नाही, मी तुला न विचारता पट्टी ठोकली. पहिल्याच अवकाळी पावसात दार असं अडकलं की आतल्या पेशंटला खिडकीतून काढायला लागलं. डॉक्टर सगळ्यांसमोर तुला काय काय बोलला, आणि मी शेजारी उभा राहून छताकडे बघत होतो. तू घरी येऊन थोबाडीत मारलीस ती त्या पट्टीसाठी नव्हे, मी तेव्हा गप्प राहिलो म्हणून, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच निघालो.

दादा, हे सगळं मास्तरांना लिही. माझी बाजू घेऊ नकोस. तुझा राग शिल्लक आहे, तो अजिबात आवरू नकोस, जेवढा आहे तेवढा लिही. लिही की हा दुसऱ्याच्या कामात हात घालतो, विचारत नाही, आणि निस्तरायची वेळ आली की गप्प राहतो. लिही की यानं असंच केलं असणार, मी याला लहानपणापासून ओळखतो. एक कारागीर दुसऱ्या कारागिराला सांगतोय, तर त्यांना खरं वाटेल. माझं त्यांना कधीच खरं वाटणार नाही.

पत्ता खाली लिहिलाय, दोनदा तपासून. मला लिहिलं नाहीस तरी चालेल. आधी त्यांना लिही.